ओझेलाच्या मागची माणसं

(अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ओझेला टेटचं स्वयंपाकघर. शनिवारची दुपार. टेबलावर सोलायच्या शेंगांचं भांडं आणि एक फोटो.)

क्लॉडीन : हा? आई, तुला हा हवाय?

ओझेला : हा.

क्लॉडीन : तुझ्या अंत्यविधीच्या पुस्तिकेवर. अख्खं चर्च ती पुस्तिका हातात घेऊन बसणार, नंतर घरी नेऊन बायबलात जपून ठेवणार, आणि वर हा फोटो.

ओझेला : पुस्तिका माझी, मरणारही मीच. आत्ताच निवडून ठेवला म्हणजे मागाहून तुझी नि थॅडची भांडणं नकोत. बिचाऱ्या लॅव्हिनियानं निवडला नव्हता. मग तिच्या पोरांनी काय छापलं? मासे धरायला गेली होती तेव्हाचा. हातात मासा.

क्लॉडीन : विषय बदलू नकोस. कळायला लागल्यापासून मी तुझे फोटो काढतेय. ईस्टरचे, मदर्स डेचे, तुला चर्चनं ‘मदर’ म्हणून वडीलकीचा मान दिला त्या रविवारचे. माझा स्टुडिओ आहे. लोक पार मोंटगोमेरीला लग्नाचे फोटो काढायला मला नेतात. आणि तू निवडलास कुणाचा? आपल्या थॅडच्या बायकोचा. गेल्या नाताळात सेलमध्ये कॅमेरा घेतलेल्या बाईचा.

ओझेला : तिला नाव आहे. रेनिटा.

क्लॉडीन : माहितेय मला नाव. सध्या चर्चमध्ये दुसरं नाव ऐकू येतच नाही. परवा मासे तळले होते ना चर्चच्या अंगणात, तेव्हा पास्टर व्हिटलोंची बायको आली. मी तिथंच उभी, गळ्यात दोन कॅमेरे. माझ्या खांद्यावरून वाकून तिला विचारते, ‘रेनिटा, गायकवृंदाचा फोटो तू काढशील का गं?’ माझ्या खांद्यावरून, आई.

ओझेला : तेवढं लागलं तुला?

क्लॉडीन : मला बघवत नाही, झालं? तिच्याभोवती बायका गोळा होतात ते मला बघवत नाही. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येते ती लेन्स वापरते ती. प्लास्टिकची. माझ्या लेन्सचं झाकणसुद्धा त्याहून जड आहे.

ओझेला : जड आहे हे खरं. गेल्या वेळी टेबलावर ठेवलीस तर मला वाटलं, लोणच्याची बरणी आणलीस.

क्लॉडीन : हस तू. फोटोत लेन्सच सगळं करते. अंधारात एवढीशी मेणबत्ती असली तरी माझी लेन्स माणूस टिपते. आणि मागचं सगळं कसं लोण्यासारखं वितळवते. चेहरा तेवढा उरतो. त्याला पोर्ट्रेट म्हणतात. हे बघ, यात काय आहे? मागे तीन रांगा दिसतायत. कुणाची पाठ, कुणाचा पंखा, सिस्टर ओपलनं तोंड वासलंय. मागच्या दाराचा ठिगळ लावलेला पडदासुद्धा दिसतोय. ही गर्दी आहे, पोर्ट्रेट नाही.

ओझेला : मागचं दार वाजलं बघ. तीच असेल. मी बोलावलंय तिला.

क्लॉडीन : आत्ता? मी इथं असताना?

ओझेला : तू इथं आहेस म्हणूनच. ये गं बाळ, उघडंच आहे.

रेनिटा : आई, पीच भरलेली गोड ‘पाय’ भाजून आणलीय, अजून गरम आहे. अगं, क्लॉडीन. मला वाटलं... म्हणजे, तुझी गाडी दिसली नाही.

क्लॉडीन : पुढं लावलीय. दिसली असती तर परत गेली असतीस?

रेनिटा : नाही. तसं नाही.

ओझेला : बस. आणि शेंगा सोल. क्लॉडीन, तूही घे पुढ्यात. रिकाम्या हातानं माणूस फार बोलतं.

रेनिटा : हा फोटो इथं कसा? आई, तुम्ही दाखवलात तिला?

क्लॉडीन : दाखवला. तो पुस्तिकेवर जाणार आहे म्हणे. मोठा करून छापायचा आहे, माझ्या स्टुडिओत, माझ्या हातानं. अभिनंदन.

रेनिटा : पुस्तिकेवर? नाही हो आई. हा चुकून आलाय. मला मागचं सगळं धूसर करायचं होतं, क्लॉडीनच्या फोटोत असतं तसं. खूप खटपट केली, होईचना. मग म्हटलं, असू दे. बरा आला असेल तर तो मेगापिक्सेलमुळे. दुकानातला माणूस म्हणाला, तुमच्या नणंदेच्या कॅमेऱ्यापेक्षा यात जास्त आहेत.

क्लॉडीन : काय म्हणाला?

रेनिटा : जास्त आहेत, म्हणाला.

क्लॉडीन : रेनिटा, मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो मोठा छापता येतो. बास. घराच्या भिंतीएवढा छाप हवा तर. वाईट फोटो असला तर भिंतीएवढा वाईट दिसेल. मेगापिक्सेलनं आजवर कुणाचा फोटो चांगला आलेला नाही.

रेनिटा : मग तो म्हणाला, कॅमेरा नवा आहे, चेहरा आपोआप ओळखतो...

क्लॉडीन : ओळखतो म्हणजे चौकट काढतो भोवती. त्या चौकटीतल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. ही असली खुळं दुकानदार डोक्यात भरतात आणि लोक पेट्या घेऊन घरी येतात. कॅमेऱ्यानं फोटो येत नाही.

ओझेला : आणि लेन्सनं येतो.

क्लॉडीन : काय?

ओझेला : नाही, आत्ता मघाशी तूच म्हणालीस. लेन्सच सगळं करते. मी म्हातारी आहे, मला एकदा नीट कळू दे. कॅमेऱ्यानं येत नाही, पण लेन्सनं येतो?

क्लॉडीन : ते वेगळं आहे, आई.

ओझेला : असेल बाई.

रेनिटा : मी पैसे साठवतेय. क्लॉडीनसारखी लेन्स घ्यायला. थॅडला सांगितलं नाही अजून. खरं सांगू का, ती तू डोळ्याला लावलीस ना, की मला माझा कॅमेरा पर्समध्ये लपवावासा वाटतो. तू सिस्टर ओपलला म्हणालीस ना, ‘रेनिटाचं खेळणं’? ऐकलं मी. राग नाही आला. मला वाटलं, खरंच आहे. तुझ्यासारखी लेन्स असती तर मीही...

क्लॉडीन : तुला माझी लेन्स हवीय.

रेनिटा : रोज.

क्लॉडीन : आणि तुझ्याकडं आहे ते मला... जाऊ दे. दे इकडं तो फोटो. आई, ऐक. तुझा चेहरा चांगला आलाय, नाही म्हणत नाही. चांगलाच आलाय. मघापासून मी शोधतेय, कुठं चूक सापडते का चेहऱ्यात. नाही सापडत. म्हणून मी असं करते, बाकीचं नीट करते. संगणकावर तुला कापून घेते, मागच्या रांगा धूसर करते, ओपलला घालवते. आणि हे डावीकडं कुणाचं तरी डोकं आडवं आलंय, खाली घातलेलं, नुसते केस दिसतायत, ते आधी काढते. मग छापू. नाव रेनिटाचं घाल खुशाल.

ओझेला : नाही.

क्लॉडीन : अगं, चांगलं होईल.

ओझेला : तुझ्या बाबांचा झाला होता ना चांगला.

क्लॉडीन : बाबांच्या पुस्तिकेबद्दल बोलू नकोस हं. तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. सगळं चर्च म्हणालं, मासिकातला वाटतो. त्याच लेन्सचा पहिला फोटो होता तो.

ओझेला : म्हणालं खरं. आणि मी तो भिंतीवर लावला नाही, हे तुझ्या लक्षात आलंय. इतकी वर्षं विचारलं मात्र नाहीस.

क्लॉडीन : मला वाटलं, बघवत नसेल तुला.

ओझेला : बघायला मिळत नाही म्हणून नाही लावला. माझा रॉस्को चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनांच्या बाकावर बसायचा. एका खांद्याला होझिया, दुसऱ्या खांद्याला पर्नेल. प्रार्थना म्हणायला उठला तर होझिया त्याचा कोट मागून सारखा करायचा. तुझ्या फोटोत रॉस्को आहे, छान आहे, पापणी न् पापणी मोजून घ्यावी. पण होझियाच्या जागी तपकिरी ढग आहे, पर्नेलच्या जागी दुसरा ढग. दफनाच्या दिवशी होझिया पुस्तिका घेऊन माझ्याकडं आला. बोट ठेवून विचारतो, ‘ओझेला, त्या रविवारी मी बसलो होतो ना गं त्याच्या शेजारी?’ मी म्हटलं, बसला होतास. तो म्हणाला, ‘मलाही वाटत होतं.’ आणि जाऊन बसला.

रेनिटा : आई गं.

क्लॉडीन : मला नाही सांगितलंस.

ओझेला : तुझे बाबा गेले होते. तुला काय सांगू मी, तुझी लेन्स?

क्लॉडीन : लेन्सचा दोष नाही तो.

ओझेला : असेल. मला नको ढगात जायला, एवढंच. जायचं तेव्हा जाईन. पुस्तिकेवर तरी माझ्या लोकांत बसू दे. ओपलचं तोंड उघडं आहे कारण ती ‘बोला, पास्टर, बोला’ म्हणतेय. ते मिटवून काय करू? आठवतोय ना तो रविवार? बायबलातल्या कोरड्या हाडांच्या खोऱ्यावर प्रवचन झालं तो. आधी पास्टर नुसते बोलत होते, एकेक हाड उचलून दाखवावं तसे, सावकाश. मग आवाज चढला. ऑर्गन त्यांना प्रत्येक ओळीला ओ द्यायला लागला. आणि एका क्षणी ते बोलतायत की गातायत ते कुणालाच कळेना, त्यांनाही नाही. माझे गुडघे दुखतात हे मी विसरले. मी कोण हेही विसरले. तेव्हा रेनिटा माझ्या शेजारी होती, तिनं काढला.

रेनिटा : लांबून काढता येत नाही माझ्या लेन्सला. म्हणून बाकावरच बसले होते, तुमच्याजवळ.

क्लॉडीन : मीही होते. मी पुढंच होते की त्या रविवारी.

ओझेला : होतीस ना. आहेस की यात.

क्लॉडीन : कुठं?

ओझेला : ते आडवं आलेलं डोकं.

क्लॉडीन : हे?

ओझेला : नुसते केस दिसतायत ते. आधी काढून टाकणार होतीस ते.

क्लॉडीन : हे मी काय करतेय?

रेनिटा : तू आधी काढलेले फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघत होतीस. मोठे करून. मला वाटलं, काही बिघडलंय.

क्लॉडीन : पापण्या. आईच्या पापण्या तपासत होते. लेन्सचं तोंड एवढं उघडं ठेवलं की एक डोळा धारदार येतो न् दुसरा मऊ. कधी टोपीची कड धारदार येते आणि सगळा चेहराच हुकतो. बघावं लागतं. दर वेळी बघावं लागतं.

ओझेला : आणि मी इथं बसले होते, हातभर अंतरावर.

रेनिटा : शेंगा राहू दे, क्लॉडीन. मी सोलते.

क्लॉडीन : मी ठीक आहे.

ओझेला : मला एकच बदल हवाय या फोटोत. तुला सांगायला बोलावलं ते हे. यात तू आहेस, पण तुझं तोंड नाही. चर्चच्या कुठल्याच फोटोत नाही. थॅड आहे, त्याची मुलं आहेत. उद्या परकं कुणी पुस्तिका उघडून विचारेल, ओझेलाला लेक होती ना एक? म्हणून हा फोटो राहू दे बाजूला. उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे, आम्ही सगळ्या मदर पांढऱ्या कपड्यांत असू. तू माझ्याशेजारी बस. कॅमेरा घरी ठेव. आणि पास्टर सुरात आले की रेनिटा काढेल.

क्लॉडीन : म्हणजे माझी जागा तिला द्यायची.

ओझेला : तुझी जागा माझ्याशेजारी आहे. कॅमेऱ्यामागची जागा तुला मी दिली नव्हती, तू घेतलीस.

क्लॉडीन : सगळं चर्च बघेल. म्हणतील, क्लॉडीन टेट मागं पडली, भावजयीनं घेतलं तिचं काम.

ओझेला : म्हणतील दोन रविवार.

क्लॉडीन : आणि तू, रेनिटा? तुला बरं वाटत असेल.

रेनिटा : भीती वाटतेय. पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांचे चेहरे काळे येतात माझ्याकडं. गेल्या पहिल्या रविवारी एकही धड आला नाही. कपडेसुद्धा राखाडी आले. मला वाटलं, लेन्स स्वस्त म्हणून.

क्लॉडीन : लेन्सचा काय संबंध? इतकं पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरतो. त्याला वाटतं, उजेड फार झाला, मग तो सगळंच दाबतो, आणि आपले गडद रंगाचे चेहरे आधी अंधारात जातात. त्याचं ऐकायचं नाही. उजेड तू वाढवायचा, एक पायरी, ओपलचा चेहरा उजळ दिसला नाही तर आणखी थोडा. कपडे जरा जास्त पांढरे झाले तर होऊ देत.

रेनिटा : एक पायरी.

क्लॉडीन : आणि माझी लेन्स घे.

रेनिटा : तुझी?

क्लॉडीन : खाली पाडलीस तर मी तुला चर्चमध्येच मारेन. पूर्ण उघडी ठेवू नकोस. मी ठेवायची, कायम, जणू महागाची आहे म्हणून उघडीच ठेवायला हवी. तू तिचं तोंड बारीक कर, आठच्या आकड्यावर आण. थोडी लांब हो. मग आईसकट मागच्या सगळ्या रांगा येतील. त्या लेन्सला येतं ते. मी कधी करायला सांगितलं नाही.

रेनिटा : आणि तुझा चेहरा हुकला तर?

क्लॉडीन : तर परत काढ. मला काय विचारतेस? मी कधी त्या बाजूला बसलेय? लोकांना शंभर वेळा सांगितलंय, मान अशी, हनुवटी खाली, हात मांडीवर. स्वतःचं काही माहीत नाही. आई, हातात कॅमेरा नसला तर उद्या तिथं हातांचं मी करायचं काय?

ओझेला : पास्टर गायला लागले की कळेल हातांना.