दार बंद झाल्यावर घड्याळ सुरू

...आणि वर म्हणे, 'वाटाघाटींमध्ये समाधानकारक प्रगती आहे'! प्रगती! अहो, अठरा महिने झाले, तुम्हाला सांगते, अठरा महिने आम्ही युनियनच्या पाच जणी आणि समोर कंपनीचे पाच साहेब एका लांबलचक टेबलाशी बसतोय, त्यात टेबलाचं पॉलिश गेलं, दोन खुर्च्यांचे हात निखळले, एका साहेबांचे उरलेसुरले केस गेले, आणि मुद्दा? जिथं होता तिथंच ठाण मांडून! कुठला मुद्दा म्हणता? सांगते ना. आम्ही विमानात काम करतो. एअर होस्टेस म्हणा, केबिन क्रू म्हणा, माझ्या सासूबाई जन्मभर 'आमची सून वरती चहा देते' एवढंच म्हणायच्या, तसंही म्हणा, मला राग नाही. तर हे आमचं काम पगारासाठी मोजायला कधीपासून लागतात? विमानाचं दार बंद झाल्यापासून. दार बंद झाल्याशिवाय घड्याळ सुरू होत नाही!

म्हणजे बघा, तुम्ही दोनशे माणसं चढता, तुमच्या बॅगा चढतात, 'ही खिडकी माझी', 'नाही हो, माझी', मग दोघंही माझ्याकडे बघता, जशी काही खिडकी मी घरून शिवून आणणार आहे... एक बाळ रडतं, त्याचं बघून दुसरं रडतं, एका आजोबांना टॉयलेटला जायचं असतं आणि ते आत्ताच, आणि कुणीतरी एक महाभाग आख्खी गिटार घेऊन आलेला असतो, ती वरच्या कप्प्यात मावत नाही, ती कोण बसवून दाखवतं? मी! हसत हसत! आणि हे सगळं घड्याळात किती? शून्य. का? दार उघडं आहे ना! एकतीस वर्षं, रोज पाऊण तास, मी कुठंही नव्हते. येत्या सहा महिन्यांत मी निवृत्त होतेय, आणि माझं मागणं काय होतं? एकच फेरी हो, फक्त एक, की मी दारात उभी आहे, माणसं चढताहेत आणि घड्याळ चालू आहे. बस्स. सोन्याची बांगडी नाही मागितली.

आणि ते दार म्हणजे काय होतं, हे ह्यांना काय सांगायचं! आम्ही लागलो तेव्हा आमच्यावर एक थोरल्या बाई होत्या. नाव होतं त्यांना, पण घेतो कोण! पाठ अशी ताठ, अंबाड्यात बावीस पिना, मी मोजल्यात. पहिल्या दिवशी मला दारात उभं केलं आणि म्हणाल्या, 'पोरी, वजन दोन्ही पायांवर. आधी डोळ्यांनी हसायचं, दात नंतर. आणि माणसाचा चेहरा बघायचा, तिकीट नाही. तिकिटावर फक्त सीट लिहिलेली असते.' मी म्हटलं, बाई, दोनशे चेहरे? 'मग काय, दोनशे सीट बघायला ठेवलंय तुला?' असं बोलायच्या! पण काय दिवस होते ते... लोक इस्त्रीचे कपडे घालून विमानात यायचे. बायका दारात थांबून माझ्या साडीला हात लावून बघायच्या, 'कुठनं घेतलीत?' आम्ही गोळ्यांचं तबक फिरवायचो, कानात घालायला कापूस द्यायचो, एका काकूंनी तो कापूस खाल्ला, गोळी समजून, आणि वर 'थोडी कोरडी आहे' म्हणाल्या. ड्यूटीचा तक्ता फळ्यावर खडूनं लिहायचे, त्याच्याखाली उभ्या राहून आम्ही एकमेकींच्या सुट्ट्या बदलून घ्यायचो, कुणाचा साखरपुडा, कुणाच्या मुलाला गोवर... आता ॲपवर येतं सगळं. ॲपला कुठं सांगणार मुलाला गोवर आलाय? मला फार आठवण येते त्या फळ्याची. हसा तुम्ही, पण येते.

तर एकदा काय झालं, माणसं नुकती चढायला लागली होती, दहा-बारा आली असतील, आणि एक गृहस्थ आले. कोट-बिट, चांगले हसले, 'गुड मॉर्निंग' म्हणाले. मी म्हटलं, या या. आणि थोरल्या बाईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'थांब. ह्यांच्या ओठांचा रंग बघ.' त्यांनी त्या गृहस्थांना तिथंच बसवलं, ते म्हणताहेत, 'अहो मला काही झालेलं नाही, माझी मीटिंग आहे', बाई म्हणताहेत, 'हो हो, मीटिंग होईल, आधी ही गळ्याची गुंडी सोडा बघू.' डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं, विमानाला दोन तास उशीर, कॅप्टन चिडलेले. हार्ट ॲटॅक होता हो! वर गेल्यावर आला असता तर संपलंच होतं. महिन्याभरानं त्या गृहस्थांच्या बायकोचं पत्र आलं, थोरल्या बाईंनी ते वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि नाक पुसून मला म्हणाल्या, 'चल, अंबाडा नीट कर.' आणि ते दोन तास? घड्याळात? शून्य. दार बंद झाल्याशिवाय घड्याळ सुरू होत नाही!

हे मी टेबलावर सांगितलं. अगदी असंच सांगितलं. कंपनीचे जे मुख्य साहेब आहेत, त्यांना आम्ही नोंदसाहेब म्हणतो. का, ते ऐका. 'साहेब, पाऊण तास उभं राहून पाय सुजतात.' — 'आपल्या भावनांची नोंद घेतली.' 'साहेब, दार उघडं असतानाच माणसं पडतात, झडतात, भांडतात.' — 'नोंद घेतली.' 'साहेब, तुमच्या मागं पडद्याला आग लागलीय.' — 'नोंद घेतली'च म्हणाले असते! अठरा महिने नोंद घेतायत, पुढं काही नाही.

आणि मग तो परवाचा दिवस. वातावरण तापलेलं, आमची सगळ्यात धाकटी मेंबर रडायच्या बेतात, सरकारनं नेमलेल्या मध्यस्थ बाई चष्मा पुसतायत, पुसतायत, पुसतायत... आणि दारातून चहाची ट्रॉली आली. आणणाऱ्यानं ती भिंतीशी लावली आणि तो गेला. आता तुम्हाला काय सांगू... आम्ही पाचही जणी उठलो! कुणी कुणाला काही बोललं नाही हो! एकीनं ट्रॉलीचा ब्रेक लावला, एकीनं कप सरळ केले, आणि मी — मी, जी दोन मिनिटांपूर्वी ह्याच माणसाला 'लाज वाटत नाही का' म्हणाले होते — मी वाकून, डोळ्यांनी हसून, त्यांना विचारतेय, 'सर, चहा की कॉफी? साखर?' आणि ते म्हणतायत, 'बिनसाखरेचा. आणि बिस्कीट आहे का?' आणि मी बिस्कीटही दिलं! टिशूवर ठेवून! शत्रूला! सवयीला काय म्हणावं!

कप हातात दिला आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी तिथंच उभी राहिले. म्हटलं, 'साहेब, आत्ता मी काय केलं?' — 'चहा दिलात. आभारी आहे.' — 'हे काम होतं की नव्हतं?' — 'म्हणजे काय, कामच. उत्तम केलंत.' मी म्हटलं, 'ह्या खोलीच्या दाराकडे बघा जरा.' सगळ्यांनी बघितलं. ट्रॉली आणल्यापासून दार सताड उघडं! मध्यस्थ बाईंना चहाचा ठसका लागला. नोंदसाहेब दाराकडे बघतायत, कपाकडे बघतायत, बिस्कीट अर्धं तोंडात... आणि पहिल्यांदा, अठरा महिन्यांत पहिल्यांदा, त्यांनी नोंद घेतली नाही. त्याच संध्याकाळी तोडगा आला. माणसं चढण्याच्या वेळातला दुसरा अर्धा भाग मोजणार!

अर्धा तर अर्धा! मी घरी येऊन नाचले. आता सभासदांचं मतदान तेवढं बाकी, फोनवर बटण दाबायचं. माझी लेकही ह्याच कंपनीत, चार वर्षं झाली तिला दारात उभी राहून. ती जेवता जेवता म्हणते, 'आई, मी नामंजूर करणार.' मी म्हटलं, वेडी आहेस का? रक्त आटवलंय मी! ती म्हणते, 'पहिली शंभर माणसं फुकट आणि पुढची शंभर कामात? असं कुठं असतं का?' मी म्हटलं, गप्प बस, तुझ्या आईला सहा महिने राहिलेत. ती ताट घेऊन उठली. तिला रडूही आलं. मी फोन घेतला, बोट 'मंजूर'वर नेलं... आणि मला ते गृहस्थ आठवले. कोटवाले. कितवे चढले होते ते? दहावे, बारावे! म्हणजे पहिल्या अर्ध्यात! म्हणजे थोरल्या बाईंचं ते बघणं ह्या नव्या करारातसुद्धा शून्यच! मी काय केलं विचारा. नामंजूर. स्वतःच्या बोटानं. आणि निकाल काय? तोडगा फेटाळला, आणि तोही काठावर हो, अगदी काठावर!

नोंदसाहेबांचा फोन आला. 'बाई, सभासदांच्या निर्णयाची नोंद घेतली.' पुन्हा सुरू! पुढची बैठक आठ महिन्यांनी. तेव्हा मी घरी. दार बंद झाल्याशिवाय घड्याळ सुरू होत नाही, आणि माझं दार तर कायमचंच बंद!

लेक गळ्यात पडून म्हणते, 'आई, पूर्ण वेळ मोजायला लागले ना, की पहिल्याच विमानाला तू यायचंस. प्रवासी म्हणून. मी दारात असेन.' येईन म्हटलं. सगळ्यांच्या पुढं येईन, आणि चढायला असा वेळ लावीन की बघत राहा, पायरीपायरीवर थांबेन, बोर्डिंग पास पर्समध्ये शोधत बसेन, पोरीचं घड्याळ चालू दे म्हटलं सावकाश... पण ह्यांची ही प्रगती बघता, तुम्हाला सांगते, मुद्दाम वेळ लावायची काही गरज पडणार नाही. तोवर माझे गुडघेच गेलेले असतील!