तिकडे किती वाजले?

राजकीय की प्राकृतिक? — अहो ताई, कोरे नकाशे दोन्ही येतात — राजकीय म्हणजे देशांच्या हद्दी आखलेला, प्राकृतिक म्हणजे नद्या-डोंगर भरायचा. लेकीला विचारायचं राहिलं ना? राहू दे, दोन्ही न्या, नको असेल तो उद्या परत आणा. जगाचाच हवाय? नववीत आहे म्हणजे जगाचाच. — हे? काही नाही हो, वहीत वेळ लिहितेय, पाच वाजून बारा, तुम्ही आत आलात ती. सगळ्यांचीच लिहिते. सवय लागलीय, दुसरं काय.

काय म्हणालात, दहावीनंतर भूगोल सोडणार ती? त्याऐवजी गणिताची जादा शिकवणी — बरं. चांगलं आहे. मी कोण सांगणारी, मी कागद-पेन्सिली विकणारी बाई. आणि खरं सांगू का, मीही हेच म्हणायचे, अगदी ह्याच शब्दांत — कुठली नदी कुठे वाहते हे कळून आपल्याला काय करायचंय, आपल्या नळाला पाणी आलं म्हणजे झालं. वीस वर्षं नकाशे विकतेय, पण एक तरी उलगडून बघितला असेल तर शपथ. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसली गत. आमच्या लेकाला मात्र वेड. शाळेतून आला की ह्या काउंटरमागे बसून विकायचा माल रंगवायचा, समुद्र निळा, वाळवंट पिवळं. मी ओरडायचे, अरे मेल्या, रंगवलेला कोण घेणार आता? तर म्हणायचा, आई, आता जास्त चांगला झालाय.

त्याचे वडील तेव्हा नव्हते राहिले, सगळं माझ्यावरच होतं, म्हणून तो एकोणीसचा झाल्यावर एजंट आला तेव्हा मला देवच भेटल्यासारखा वाटला. परदेशात बंदरावर नोकरी, माल मोजून घ्यायचा, राहणं-जेवण त्यांचं. कागदावर देशाचं नाव, शिक्का, सगळं व्यवस्थित. लेकानं कागद वाचला आणि म्हणाला, "आई, ह्या देशाला समुद्रच नाहीये. बंदर कुठून आणलं ह्यांनी?" — आता तुम्हीच सांगा, आईनं काय समजावं? मला वाटलं, ह्याला जायचं नाहीये, म्हणून खुसपटं काढतोय. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. त्यानं नकाशा काढला, ह्याच काचेवर पसरला, बोट ठेवलं — बघ, म्हणाला, चारी बाजूंनी जमीन. मी बघितलं नाही. तेवढ्यात कुणीतरी नकाशा मागितला, तर मी त्याच्या बोटाखालचाच ओढला आणि गुंडाळून दिला. बास, विषय संपला. पंधरा दिवसांनी गेला. आईनं ढकललं तर पोरानं जायचं नाही तर काय करायचं, ताई?

हो, फोन आला ना. एकदाच. बावीस डिसेंबरला, ह्याच तारेच्या फोनवर. त्यावर कुठून आला ते दिसत नाही — मागाहून पोलीस, फोन कंपनी, सगळ्यांचे उंबरे झिजवले, बाहेरून आला एवढंच सांगितलं त्यांनी, ना नंबर ना वेळ. एजंट तोवर हातावर तुरी देऊन पळालेला. तर फोनवर लेक कसा बोलत होता, तर वर्गात उभं राहून उत्तर म्हणावं तसा. ना कसा आहे, ना काय खातो. म्हणाला, आई, काल दुपारी बाराला माझी सावली पायाखाली गेली, जराही बाहेर नव्हती. मी म्हटलं, डोक्याला टोपी घालत जा. — हसू नका हो. नाही, तुम्ही हसला नाहीत, मलाच तसं वाटलं. मग म्हणाला, इथं आत्ता, ह्या क्षणाला सूर्य वर येतोय.

मी ते सगळं विसरलेसुद्धा. महिन्याभरानं त्याच्या शाळेतले भूगोलाचे सर खडू न्यायला आले, लेक काय म्हणतो विचारलं, मी सांगितलं, काही नाही, उन्हातान्हाच्या गप्पा मारत होता. सर ह्या स्टुलावर बसले ते उठेचनात. म्हणाले, "बाई, तो तुम्हाला पत्ता सांगत होता." जवळ कुणी उभं असणार, नाव घेता येत नसणार. डिसेंबरच्या त्या दिवशी भर दुपारी सावली नाहीशी होते ती एकाच आडव्या रेघेवर — मकरवृत्त, हे बघा, हे ठिपक्याठिपक्यांचं. आणि तिथल्या उगवतीच्या वेळी आपल्या घड्याळात किती वाजलेत ते कळलं की उभी रेघ मिळते. दर चार मिनिटांना एक रेघ. दोन रेघा जिथं छेदतील तिथं माझं पोर.

आडवी आहे माझ्याकडे. उभी नाही. दुकानात गर्दी होती एवढंच आठवतं, पण गर्दी कुठली — दहाच्या मधल्या सुट्टीची की बाराची, शाळा सुटल्याची? दहा धरले तर पेन्सिल किनाऱ्याशी टेकते. बारा धरले तर भर समुद्रात, आसपास काही नाही, नुसतं निळं. सर म्हणाले, मासेमारीच्या बोटींवर अशी पोरं नेतात, वर्षानुवर्षं जमिनीला लागत नाहीत. तीन वर्षं झाली. रोज दुपारी बाराला पायरीवर उभी राहते, माझी सावली बघते, आणि त्याची कुठं असेल ते मनात मोजते.

वेळेचं तो काही म्हणाला नाही? — म्हणाला ना. तेच तर. त्यानं विचारलं होतं, "आई, तिकडे किती वाजले?" दोनदा विचारलं. घड्याळ हे इथंच, मान वर केली असती तरी पुरे होतं. आणि मी म्हटलं, वाजले असतील तेवढे, गिऱ्हाईक खोळंबलंय, नंतर कर. रिसीव्हर खांद्याला दाबून त्या माणसाला विचारत होते, राजकीय की प्राकृतिक. तो माणूस बाहेर गेला तोवर फोनात काही नव्हतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, ताई. सरांनासुद्धा नाही. तुम्हाला कशाला सांगितलं कोण जाणे.

थांबा. फोन. — कागदाचा घाऊकवाला असेल, ह्याच वेळेला करतो तो रोज. तोच असेल. किती वाजले? बघा ना वर, मोठ्यानं सांगा. पाच सव्वीस. पाच सव्वीस. नाही, नकाशाचे पैसे राहू द्या, सगळं राहू द्या, निघा तुम्ही आता. दार ओढून घ्या, आणि बाहेर कुणी आलंच तर सांगा, दुकान बंद आहे.