मोरीत ओतलेलं औषध

हां... टाळ जरा खाली ठेवा. मृदंगाचार्य, तुम्हीही हात टेका. मंडळी, एक प्रश्न विचारतो — उत्तर मोठ्यानं द्यायचं! आजारी माणसावर ओरडलं, चार लोकांत त्याचा पाणउतारा केला, त्याला लाज आणली — तर त्याचा आजार बरा होतो का?

होतो का?

"नाही" म्हणताय! सगळे म्हणताय! मग घरी गेल्यावर काय होतं हो तुम्हाला? पोरगं तापानं फणफणलं, थडथड उडायला लागलं, तर तुम्ही त्याला म्हणता का — "उडू नकोस! मनावर घे!" नाही म्हणत. गाडी काढता. आणि तेच पोरगं नशेत सापडलं की? की आपण सगळे न्यायाधीश! मामा न्यायाधीश, काका न्यायाधीश, गल्लीतला न्हावीसुद्धा न्यायाधीश!

तर ऐका. सोलापूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही — सांगितलं तर उद्या बघायला निघाल! तिथं मार्केट यार्डाच्या तोंडाशी सुगंधाक्काची खानावळ. बाई फटकळ. कुणी भाकरी परत पाठवली तर भाकरीही मिळायची आणि दोन शब्दही. आई-वडील गेले, नवऱ्याशी जमलं नाही, मागं राहिला एक धाकटा भाऊ — जालिंदर. पोकलेन चालवायचा. हात असा बसलेला, की एवढं मोठं धूड, पण बांधावरचं झाड न दुखवता चर काढायचा!

रस्त्याच्या कामावर गेला मुंबईकडं. रात्रंदिवस काम, पाठ मोडलेली. कुणीतरी म्हणालं, हे ओढ, बरं वाटेल. गर्द! ब्राउन शुगर म्हणतात तिला. नावात साखर आहे म्हणून कुणी खूश होऊ नका. आधी बरं वाटायला ओढायचा. मग नुसतं माणसासारखं उभं राहायला ओढावं लागलं. नाही मिळालं की नाक गळतंय, डोळे गळतायत, जुलाब, हाडात कुणी खिळे ठोकतंय असं दुखणं, झोप नाही. काम सुटलं. परत आला गावाला, अक्काच्या दारात.

आणि आता बघा, उपचार सुरू झाले! कुणाचे? नातेवाइकांचे!

आत्या म्हणाली, करणी आहे. अंगारा झाला. चुलता म्हणाला, लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. म्हणजे पोरगं बुडतंय, तर त्याच्या गळ्यात आणखी एक पोरगी बांधा! अक्का म्हणाली, "तुमची द्या ना मग." चुलता उठून गेला.

मग आले रामलिंगमामा. अक्काचे सख्खे मामा, देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. बोलायला उभे राहिले की माईकला घाम फुटायचा. मामांनी एक केंद्र शोधून काढलं. माळावर पत्र्याची शेड, बाहेर पाटी — 'खात्रीशीर व्यसनमुक्ती'. डॉक्टर? नाही. औषध? नाही. साखळी होती! तडफडायला लागला की गार पाण्याची बादली, ओरडला की पट्टा. भेटायला मनाई. मंडळी, बैल आजारी पडला तर आपण त्याला असं करतो का हो? बायका माना हलवतायत. हलवा, हलवा.

काही महिन्यांनी सोडलं. हाडांचा सापळा झालेला, पण शुद्धीत. मामांना काय आनंद! देवळासमोर मांडव, शाल, नारळ, फेटा! मामा माईकवर: "मनावर घेतलं की सगळं होतं! हे बघा उदाहरण!" टाळ्या. जालिंदर फेट्याखाली मान घालून बसलेला. अक्काला ते बघवेना. तिला वाटलं, याला भूक लागलीय आणि हे लोक याला फुलं खायला घालतायत.

बरा झाला होता का तो? अहो, नुसता बांधून ठेवला होता!

थोड्याच दिवसांत, सकाळची भाजी फोडणीला पडलेली, जालिंदर न्हाणीघरात गेला तो बाहेर येईना. अक्कानं हाका मारल्या. दार वाजवलं. मग वरवंटा घेतला आणि कडी तोडली. भिंतीला टेकून बसलेला. ओठ निळे. श्वास — आहे की नाही कळेना. अंगात सवय उरलेली नव्हती आणि त्यानं ओढली मात्र पूर्वीइतकीच. साखळीत घालून सोडलेली माणसं अशी मरतात मंडळी, बाहेर आल्यावर. सत्काराचा हार अजून खुंटीला होता!

अँब्युलन्स वेळेत आली. शहरातल्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिलं, श्वास परतला. आणि अक्का काय म्हणाली? "देवा, वाचवलंस" म्हणाली का? पोरगं डोळे उघडतंय तोवर तिनं सुरू केलं — "मर एकदाचा! मर! रोज-रोज मला मारू नकोस!" आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

तिथं मानसोपचाराच्या डॉक्टर होत्या, मुजावर मॅडम. त्यांनी अक्काला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

अक्का म्हणाली, "मॅडम, चार शब्द सुनवा त्याला. तुमचं ऐकेल."

"आत्तापर्यंत किती जणांनी सुनवलं?"

"अख्ख्या गावानं."

"मग माझ्या चार शब्दांनी काय होणार? मी औषध देते." मॅडमनी समजावून सांगितलं. हा मेंदूचा आजार झालाय. शरीराला नशेची गरज पडायला लागलीय. जिभेखाली ठेवायची गोळी आहे. तिनं तडफड थांबते, ओढायची हाव कमी होते, माणूस कामाला लागू शकतो. रोज दवाखान्यात येऊन घ्यायची. बरोबर समुपदेशन. आठवड्याला नशेतून सुटलेल्या माणसांची बैठक — एकमेकांचं ऐकायचं. आणि घरच्यांचीही बैठक.

"मला कशाला बैठक? मी कुठं ओढते?"

"तुम्ही मघाशी त्याला मर म्हणालात. थकलाय तुम्ही. तुम्हालाही कुणीतरी लागेल."

अक्कानं बैठकीचा वार विचारून घेतला! मंडळी, त्या बाईनं कुणाचं ऐकलं, हेच मोठं आश्चर्य.

मग रोजची एसटी. आधी बोट धरून नेल्यासारखी अक्का बरोबर. पुढं तो एकटा जायला लागला. तोंडावर तजेला आला. खानावळीत कांदा चिरायला लागला, गिऱ्हाइकाशी हसायला लागला. पुढं मॅडमनी विश्वास ठेवून थोड्या गोळ्या घरी न्यायला दिल्या, अक्काच्या ताब्यात.

झालं! मामांना कळलं. "गोळी? रोज? म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरली! हा कसला व्यसनमुक्त? ह्याच्यासाठी आम्ही फेटा बांधला?"

अक्का बाजारात गेलेली बघून मामा घरी आले. जालिंदरला पुढ्यात बसवलं, तासभर उपदेश केला, डबी मागितली, आणि गोळ्या मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं! म्हणाले, "आता खरा मर्द हो."

अक्कानं ठेवलेली डबी जालिंदरनंच काढून दिली होती. त्यालाही कुठंतरी तेच वाटत होतं ना — की मी खोटा बरा झालोय! लोक बोलून-बोलून माणसाला हेच पटवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण रिकामं. डबी रिकामी. अक्काचं डोकं फिरलं! "गेला! परत गेला! सापडू दे, तंगडंच मोडते!" शहरात गेली, गर्द ओढणारे बसतात त्या पुलाखाली शोधलं, स्टँडामागं शोधलं. शिव्या देतेय आणि प्रत्येक पडलेल्या माणसाचं तोंड वळवून बघतेय. कुठंच नाही. शेवटी दवाखान्यात गेली, मॅडमना सांगायला की बाई, संपलं, मी हरले.

तर जालिंदर तिथंच! ओपीडीच्या बाहेर, घोंगडीसारखा गोळा होऊन बसलेला.

"ओढलीस?"

"ओढली. आधी पुलाखाली गेलो, अक्का. मग इथं आलो." आणि खाली बघत सगळं सांगितलं — मामा, डबी, मोरी.

अक्कानं हात उगारला. तेवढ्यात मुजावर मॅडम आल्या. म्हणाल्या, "थांबा. पूर्वी पुलाखाली गेला की कुठं जायचा तो?"

"कुठंच नाही. तिथंच पडायचा."

"आज इथं आला. स्वतःच्या पायानं. याला घसरणं म्हणतात, संपणं नाही. आपण पुन्हा औषध सुरू करू."

अक्काचा हात खाली आला. पण राग? राग कुठं जाणार हो! तिनं जालिंदरला तिथं सोपवला आणि तडक गाठलं मामांचं घर.

मामा जेवायला बसलेले. मामी वाढतेय. अक्का सरळ फळीकडं गेली, मामांच्या शुगरच्या गोळ्यांचा डबा उचलला आणि मोरीकडं चालायला लागली!

"अगं! अगं! काय करतेस?"

"रोज गोळी, मामा? व्यसन लागलंय तुम्हाला! मनावर घ्या! गळ्यात माळ आहे की!"

"शुगर आहे मला! त्याच्याशिवाय चक्कर येते! मनावर घेऊन शुगर उतरते का? रोग आहे तो!"

"हां! मग जालिंदरचं काय होतं? मेथीचा लाडू?"

मामांचा घास हातातच! अक्का मोरीपाशी उभी, डबा उलटा करायच्या बेतात. मामी तोंडाला पदर लावून हसतेय की रडतेय, कळेना. मग अक्का परत आली आणि डबा मामांच्या ताटाशेजारी ठेवला. "घ्या. टाकणार नव्हते. दुसऱ्याचं औषध टाकायला मी काय कमिटीची अध्यक्ष आहे?"

अहो ते मागचे पाहुणे — उठू नका, अजून प्रसाद वाटत नाहीत!

तुम्हाला वाटेल, मामांनी पाय धरले. छे! एवढं सोपं असतं तर मला घसा कशाला कोरडा करावा लागला असता? मामा कित्येक दिवस अक्काच्या खानावळीसमोरून मान फिरवून जायचे. मग एकदा घरच्यांच्या बैठकीला आले. मामीनं ढकलून आणलं. कोपऱ्यात बसले, खुर्ची डुगडुगते म्हणून तक्रार केली. आणि एक बाई आपल्या मुलाचं सांगायला लागली — त्याला असंच माळावरच्या शेडमध्ये घातलं होतं, तो घरी आला आणि पहिल्याच दिवशी गेला. मामा ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

जालिंदर? पुन्हा एकदा घसरला. पुन्हा गेला दवाखान्यात. आज पोकलेनवर आहे. गोळी चालू आहे. मॅडमच्या सांगण्यानं सावकाश कमी होतेय. लागली तर आणखी वर्षं घेईल, काय बिघडलं? अक्का अजून त्याच्यावर ओरडते — भाकरी नीट खात नाहीस म्हणून! तेवढं ओरडू द्या बाईला.

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. खाली बघू नका. मी बोलत होतो तेव्हा तुमच्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक घर आलं. आलं ना? भाचा असेल, शेजारी असेल, वर्गातला मित्र असेल. त्याचं नाव निघालं की तुम्ही आवाज बारीक करता. त्याच्या आईला हळदी-कुंकवाला बोलवायचं बंद केलंत. आणि तरी तुम्हाला वाटतं, तो सुधारत का नाही!

सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, उपचार आहेत, समजून घेणारी माणसं आहेत. वाट माहीत नसेल तर विचारा. कामाचा खाडा करा आणि त्याच्याबरोबर जा. पुन्हा घसरला तर पुन्हा जा. कंटाळा येईल. चीड येईल. येऊ द्या, पण जा! आणि वाटेत उपदेश करू नका. उपदेशाचं काम माझं आहे, त्याचं नारळ-पाकीट मला मिळतं.

चला, उचला टाळ. त्या सावळ्याचं नाव घ्या — आता हवं तेवढं मोठ्यानं घ्या. उद्या सकाळी त्या आजारी पोराच्या शेजारी एसटीत बसाल ना, तेव्हा मात्र गप्प बसा!