भिमाजीचं फळ्यावरचं अक्षर

नगा, फळ्याला नगा टेकू पाव्हणं – शर्टाला खडू लागंल. आज कोरा हाय त्यो, पर तीस वर्साचा खडू मुरलाय त्याच्यात, झटकून जात न्हाई. हितं बसा, पारावर, माज्या शेजारी. येतील तुमचे जोडीदार, गाडी लावायला जागा घावंना झाली असंल – रैवारी तिकोणा पेठंत माणसांपरीस गाड्या जास्त. गड कुटं पळून जात न्हाई. काय इचारलं? व्हय, त्येच. 'दुःखद निधन' – त्ये वरचं ऑइलपेंटात हाय, कायमचं. खालचं बदलत ऱ्हातं. नाव, वय, अंत्यविधी किती वाजता, आन तळाला 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावं. कोण लिवतं? मीच की. भिमाजी म्हणत्यात मला. म्हंजी लिवत हुतो. दोन वर्सं झाली, ह्यो हात बघा – न्हाई, थंडी न्हाई वाजत, त्यो असाच हलतो.

खडू कोरडा वापरायचा नसतो, ठावं हाय का? पाण्यात बुडवायचा. लिवताना काय दिसत न्हाई, वाळला की पांढराफटक उठतो, बोटानं पुसला तरी जात न्हाई. सकाळी वाड्यावस्त्यांवरनं माणसं दूध घालायला येत्यात डेरीवर, ती जाता जाता फळा वाचायची आन वर जाऊन सांगायची, की अमक्याला दहा वाजता न्यायचाय. तवा असंच हुतं. मोबाईल हुते, पर रेंज गडावर – मयताची बातमी द्यायला कोण गड चढंल? आन मधी एकदा काय झालं, कुणी चावटानं एका जित्या माणसाचं नाव लिवलं फळ्यावर, चेष्टा म्हणून. बायका रडत गेल्या, तर त्यो ओट्यावर बसून च्या पीत हुता. तवापासनं गावानं ठरवलं – भिमाजीचं अक्षर असंल तरच खरं, दुसऱ्या कुणाचं दिसलं तर चेष्टा समजायची आन म्होरं जायाचं. हसू नगा. लय मोटा मान हाय ह्यो. सरपंच पाच वर्सानं बदलतो, मला कुणी बदललं न्हाई.

तर हाताची ही गत झाल्यावर सृष्टी आली. माज्या थोरल्या भावाची, नथूची नात. पुण्यात शिकती, कंप्युटरवर अक्षरं तयार करायचंच शिकती – असलं बी शिक्षण असतं, मला कुटं ठावं. म्हणाली, आबा, तुमचं अक्षर कंप्युटरात घालू, मंग हात हलला तर हलू दे, बटनं दाबली की तुमच्याच अक्षरात छापून निघंल. त्या घरचं कोण अकरा वर्सं माज्या उंबऱ्याला आलं नव्हतं, आन ही आली. का आलीस, असं इचारायला पायजे हुतं. न्हाई इचारलं. तुमचं अक्षर म्हंजी गावचं अक्षर, म्हणाली, आन मी फुगलो. माणूस हाय, फुगणारच.

चौकटीचौकटीचे कागुद घेऊन आली. एका चौकटीत एक अक्षर, काळ्या पेनानं. मला वाटलं, क ते ज्ञ, दोन दिसात उरकंल – कशाचं! काना येगळा, येलांटी येगळी, जोडाक्षरं तर इतकी, की एवढी आपण जलमभर लिवत आलोय ह्याचा मला पत्त्याच नव्हता. सकाळी उठल्यावर अर्धा तास ह्यो हात शहाण्यागत वागतो, तेवढ्यातच लिवायचं. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं, दम धरायचा, एक अक्षर. मंग परत. तीन आठवडे चाललं. पोरगी शेजारी बसून ऱ्हायची, एकदा बी घाई न्हाई केली. आजावर गेलीय – नथू बी असाच, बोलायचा न्हाई, नुसता जवळ बसून ऱ्हायचा. मी खाचरात चिखल करत असलो की बांधावर येऊन बसायचा, इडी वढायचा, आन निघून जायाचा. मला बरं वाटायचं.

नथू? न्हाई, त्यो न्हाई आता. अकरा वर्सं झाली. व्हय की, त्याचं नाव बी फळ्यावर म्याच लिवलं असंल, दुसरं कोण लिवणार – न्हाई. न्हाई लिवलं.

आता इचारताय तर ऐका. गेटापायी. नथूनं धरणाकडंची त्याची जमीन तंबूवाल्याला दिली, तुमच्यासारखी माणसं येऊन ऱ्हात्यात बघा, गिटार वाजवत्यात. त्याची जमीन, त्यानं दिली, माझं काय म्हणणं न्हाई. पर माज्या भाताच्या खाचराची वाट त्यातनंच. तितं गेट बसलं, गेटावर वॉचमन, वॉचमनकडं वही. मला म्हणतो, बाबा, नाव लिवा, कुणाकडं जायाचं त्ये लिवा. कुणाकडं? भाताकडं! आख्ख्या गावाची नावं ह्या हातानं लिवली, आन माज्याच खाचरात जायाला मी माझं नाव लिवू? न्हाई लिवलं. टेकडीला वळसा घालून जायाला लागलो, औत खांद्यावर घेऊन. नथूला म्हणालो, त्या वॉचमनला सांग. त्यो म्हणाला, लिव की भिमा एकदा नाव, तुजं काय झिजतंय. बास. दोन वर्सं बोलणं बंद. समोरासमोर घरं, एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या घरात, आन बोलणं बंद.

मंग एक दिस सकाळी मारुती आला, त्यांच्या शेजारचा. म्हणाला, नथूआबा पहाटं गेलं, फळा लिवा. मी हितंच बसलेलो, ह्याच जागंला. म्हणालो, "खडू संपलाय."

हुता. खिशात हुता, आख्खा. मारुतीला दिसत हुता, खिसा पांढरा झालेला. त्यानं शाळंतनं खडू आणला, त्याला येतंय तसं वाकडंतिकडं लिवलं आन बांबू आणाय गेला. मागनं डेरीवरची माणसं आली. फळा बघितला, अक्षर बघितलं, आन मला इचारलं – भिमाजी, खरं हाय का ह्ये? मी म्हणालो, "माझं अक्षर हाय का त्ये?" एवढंच म्हणालो. खोटं न्हाई बोललो, बघा. माझं अक्षर नव्हतंच. कुणीतरी परत चेष्टा केली म्हणत म्हणत ती हसत गेली वर.

चौदा माणसं हुती. आमच्यात साध्या माणसामागं दोन-तीनशे असत्यात, सोयरे-धायरे येगळेच. चौदा. न्हाई, मी पंधरावा न्हाई. तिरडी हितनंच गेली, म्होरनं. मी उठून हुबा ऱ्हायलो. गेल्यावर खाली बसलो. सरुवैनीनं त्या दिसापासनं माज्याशी एक शबूद न्हाई काढला. शिवी बी न्हाई दिली. दिली असती तर बरं झालं असतं, खरं सांगतो तुमाला, दोन शिव्या दिल्या असत्या तर मी जाऊन पाय धरलं असतं. तसं बी धरायला पायजे हुतं. न्हाई धरलं.

तर ही सृष्टी काल आली, म्हणाली, झालं आबा तुमचं अक्षर, आन घडी केलेला कागुद हातावर ठिवला. मला वाटलं, पैलं काय छापलं असंल – 'श्री' असंल, न्हाईतर माझं नाव. उलगडलं तर ह्ये. घ्या, तुमीच वाचा. 'नथू', वय एकाहत्तर, तारीख अकरा वर्सांमागची, अंत्यविधी सकाळी दहा वाजता. समदं माज्या अक्षरात. थ चं गाठोडं माझं, उकाराची शेपटी माझी, काना जरा डावीकडं कलतो त्यो बी माझाच. मी म्हणालो, पोरी, ह्ये मी लिवल्यालं न्हाई. तर म्हणाली, "आबा, आता तुम्ही नाही म्हणालात तरी लिहिता येतं." रागानं न्हाई म्हणाली हां. पावणेदहाची एसटी हाय, असं सांगावं तसं म्हणाली.

म्हंजी खडू संपलाय म्हणायची सोयच गेली की न्हाई? तिला सोताला चिकटवता आलं असतं, गावाच्या मोबाईलवर टाकता आलं असतं. न्हाई टाकलं. माज्या हातात दिलं आन गेली. सरुवैनीनं धाडली असंल का तिला? तसंच असंल. आन तळाला बघा – 'शोकाकुल : पत्नी सरुबाई, नात सृष्टी, बंधू' – आन म्होरं कोरं. भ हाय तिच्याकडं, म हाय, ज हाय, तीन आठवडे म्याच लिवून दिल्यात. तरी सोडलं कोरं.

आज त्याची तिथी बी न्हाई, काय न्हाई, नुसता रैवार. म्हणलं, हात शहाणा हाय तवरच उरकू. पेन घेऊन आलो, डब्यात भात घेऊन आलो चिकटवायला, आन बसून ऱ्हायलो. त्यो अर्धा तास असाच घालवला. मगाशी मारुती गेला म्होरनं, त्याला हाक मारायला तोंड उघडलं, आन रामराम म्हणालो. त्यो बी म्हणाला. मंग तुमी आला. तुमी परगावचं. तुमाला काय ठावं असणार, म्हणून बोललो येवढं.

उठा जरा. त्यो कागुद धरा फळ्यावर. दोनी हातांनी, दाबून. टेका की, आता खडू लागला तर लागू द्या. हात माझा हलणारच, कागुद तेवढा हलू देऊ नगा. हां... भि... थांबा, थांबा, दम घेऊ द्या... मा... ह्ये खाली घसरलं... जी.

काय बोलू नगा, दिसतंय मला. कंप्युटरातला सरळ आला असता, ह्यो पार वाकडा गेला. वाचाय येतंय न्हवं? मंग झालं. कोपऱ्यांना भात लावा, चार-चार शितं बास झाली – इंद्रायणी हाय, एकदा धरला की सोडत न्हाई.

ते बघा, हात करत्यात, तुमचेच ना? जावा. पाणी घ्या बरोबर, वर मिळत न्हाई. डेरीवरची माणसं परत फिरायची येळ झाली. फळा बघतील आन इचारतील मला, भिमाजी, तुज्या अक्षरातलं हाय न्हवं ह्ये, खरं हाय का? जावा तुमी. मला हितं बसायचंय.