रविवारचं बसणं

दिंडोशीच्या बस स्टॉपवर रांगेत उभ्या महादूने पेपर तोंडासमोर धरला होता. कान मात्र पुढच्या दोन पोरांच्या बोलण्याला चिकटले होते.

"सिद्धेश, निधीच्या बाबांनी लग्नाला हो म्हटलं का?"

"कुठलं यार, वाट लागली. रविवारी काय करता, विचारलं. म्हटलं, मित्रांसोबत गावाबाहेर माळावर बसतो."

"बसतो म्हणालास?"

"मग काय, उभा राहू? गरुडाचा, ससाण्याचा फोटो काढायचा तर झुडपामागे बसावंच लागतं ना."

"सासऱ्यासमोर कोण म्हणतं रे, बसतो? त्यांना बाटलीच दिसली असणार."

"पुढे विचारलं, किती वेळ बसता? म्हटलं, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत."

"उजाडल्यापासून? मेलास तू."

"निधीची आई चहाचे कप उचलून आतच गेली."

"अरे मग फोन करून सांग ना, पक्ष्यांचे फोटो काढायला बसतो म्हणून."

"केला ना सकाळी. सगळं नीट सांगितलं."

"मग?"

"आवाज बारीक करून म्हणाले, 'पक्ष्यांचं निमित्त झकास काढलंत, जावईबापू. येत्या रविवारी मीही येतो. हिला हेच सांगू.'"