थंड पाण्यातलं लग्न

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या एका दुकानात मासळीच्या काउंटरसमोर सुलभा नंबरची वाट बघत उभी होती. पोटाशी बांधलेलं बाळ नुकतंच कुठे झोपलं होतं. शेजारीच एक आई आणि तिची पीएचडी करणारी लेक हळू आवाजात, मराठीतून भांडत होत्या.

“आई, स्नो क्रॅब खेकड्याच्या मादीचं एकदा जमलं, की तिची वाढ कायमची थांबते. मी त्यावरच रिसर्च करतेय.”

“म्हणून तू लग्न करत नाहीयेस?”

“सायन्स आहे हे.”

“माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. माझी वाढ थांबलीय का, माझ्या ब्लाउजांना विचार.”

“थंड पाण्यात सगळं सावकाश असतं गं. नराला मोठं व्हायलाच आठ-नऊ वर्षं लागतात.”

“तुझ्या पीएचडीसारखं. बरं, मोठा होऊन करतो काय तो?”

“मादी शेवटचं कवच टाकते ना, तेव्हा अगदी मऊ असते. त्याआधीपासून तो तिला धरून बसतो. दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही.”

“किती वेळ?”

“कधी कधी दोन-तीन आठवडे. स्वतः धड खातही नाही.”

“मी तुझ्यासाठी बघितलेला विवेक एवढा गुणी नाही बाई. तो रविवारी येणार, पोटभर जेवणार आणि जाणार.”

“तू बोलावलंस? मला न विचारता?”

“विचारलं असतं, तर तू खेकडे सांगत बसली असतीस.”

“...त्याला खेकडे चालतात तरी का?”

“मला काय माहीत. हा घे त्याचा फोन नंबर, तूच विचार.”

लेकीने फोन कानाला लावला. तेवढ्यात काउंटरवाल्याने सुलभाचा नंबर पुकारला. तिने कान त्या दोघींकडेच ठेवून मागच्या माणसाला खुणेनेच पुढे जायला सांगितलं.