या वर्षीचा पहिला मासा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या नगराध्यक्षा सिग्नेबाई होल्मेन, ज्यांचं नाव या सभागृहाच्या दारावर आहे ते प्रमुख पाहुणे श्रीयुत ऑड्वार नेस्से, सत्कारमूर्ती टोर्गेर मूएन, त्याची पत्नी ओसे, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आणि समोर बसलेल्या हेल्लेविकच्या बंधुभगिनींनो. तुमच्यातल्या निम्म्यांची नाकं मी पुसलेली आहेत, तेव्हा 'गुन्वोरबाई आता काय बोलणार' म्हणून उगाच कुजबुजू नका. मागच्या बाकापर्यंत मला अजून दिसतं. ऐकू येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत मी जन्मात कधी धडा संपवला नाही. केक कापायचा राहिलाय, माहीत आहे मला. राहू दे. खोली गार आहे, केकवरची साय कुठे पळून जात नाही.

टोर्गेर आणि ऑड्वार हे दोघं माझ्या वर्गात एकाच बाकावर बसायचे. खिडकीतून नदी दिसायची, आणि फळ्याकडे पाठ करून बसायची दोघांनाही सवय. उन्हाळ्यात परदेशी साहेब गळ घेऊन यायचे, तेव्हा त्यांना गांडुळं विकायचा धंदा या दोघांनी काढला होता. टोर्गेर खणायचा आणि ऑड्वार विकायचा. हसू नकोस ऑड्वार, खरं आहे ते. मी विचारलं होतं, "अरे, हा बिचारा चिखलात लोळतो, मग डबा तुझ्या हातात कसा?" तर म्हणाला, "बाई, त्याला विकायला लाज वाटते, मला नाही वाटत." इतकं खरं उत्तर मला वर्गात क्वचितच कुणी दिलं असेल.

पुढे दोघं तेच करत राहिले, असं म्हणायला हरकत नाही. टोर्गेर नदीचा राखणदार झाला. पुरात वाहून आलेली झाडं काढणं, चोरून जाळी लावणाऱ्यांना हाकलणं, बर्फ फुटल्यावर काठाकाठाने हिंडून समुद्रातला सॅल्मन मासा अंडी घालायला नदीत चढतोय का ते बघणं, यातच त्याचा जन्म गेला. ऑड्वारने खाडीच्या तोंडाशी सॅल्मन पाळायचे जाळीचे पिंजरे टाकले. आधी एक, मग दहा, मग मोजायचं आम्ही सोडून दिलं. आज जगातल्या कुठल्याही विमानतळावर ऑड्वारचा मासा पावात घालून मिळतो म्हणतात. अभिमान वाटला होता हो मला. आपला ऑड्वार!

आणि आज टोर्गेरला आपण निरोप देतोय. तो थकला म्हणून नव्हे. नदीत मासाच चढत नाही, सरकारने नदीतली मासेमारी बंद केली, आणि मासा नसलेल्या नदीला राखणदार कशाला हवा, असं नगरपालिकेचं म्हणणं. हिशेब बरोबर आहे अध्यक्षबाई. पण मासा का चढत नाही, हे या व्यासपीठावर अजून कुणी बोललं नाही. सगळ्यांनी 'निसर्गाची लहर' म्हटलं. मग मलाच बोलावं लागतंय.

नदीतली पिल्लं वसंतात समुद्राकडे निघतात, ती या पिंजऱ्यांना खेटून. पिंजऱ्यात दाटीवाटीने मासे, आणि त्या माशांवर उवा. माशांच्याही उवा असतात बाबांनो. त्या या बोटाएवढ्या पोरांना जिवंत कुरतडतात. आता उवा किती झाल्या हे कोण मोजतं? कंपनी. कुणाला कळवते? मत्स्यखात्याला. आणि खात्याचा निरीक्षक येतो तेव्हा आदल्या दिवशी फोन करून येतो, "उद्या येतोय, कॉफी ठेवा." मी शाळेत दर सोमवारी पोरांची डोकी तपासायचे. हातात कंगवा, पोरं रांगेत. 'आपापल्या उवा घरी मोजा आणि मला आकडा सांगा' असं मी म्हटलं असतं, तर हेल्लेविकच्या शाळेत आजतागायत एकही ऊ सापडली नसती. ऑड्वार, तुझी आई तर शपथ घेऊन सांगायची, "आमच्या पोराच्या डोक्यात? शक्यच नाही!" आणि कंगवा फिरवला की काय निघायचं, ते या चारचौघांत सांगत नाही.

दंडही होतो कधी कधी. तो कंपनी भरते, आपण फेरीबोटीचं तिकीट काढतो तसा, आणि पलीकडे जाते.

पण ऑड्वारने गावाला दिलं नाही असं कोण म्हणेल? हे सभागृह त्याचं. खालचा पोहण्याचा तलाव त्याचा. दर मंगळवारी मी त्या कोमट पाण्यात बसते, आणि खोटं कशाला बोलू, माझे गुडघे तर ऑड्वारलाच मत देतात. वाईट इतकंच वाटतं, की तो राहायला स्वित्झर्लंडला गेला. कर कमी पडतो म्हणे तिथे. इथे भरला असता तर त्या पैशांचं काय करायचं यावर आपण नगरपालिकेत कडाकडा भांडलो असतो. वृद्धाश्रमाचं छप्पर गळतंय, ते आधी की तलाव आधी, असं. भांडून का होईना, आपण ठरवलं असतं. देणगी आली की फक्त टाळ्या वाजवायच्या. त्या मीही वाजवल्या, आणि वृद्धाश्रमात बादल्या अजून आहेत.

तलावाच्या उद्‌घाटनाला मी ऑड्वारला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अरे, ते पिंजरे बंद टाक्यांत का नाही नेत? उवाही नाहीत, घाणही नाही." तर म्हणाला, "बाई, परवडत नाही हो." इटलीहून आणलेल्या फरशीवर उभा राहून म्हणाला. मी खाली बघितलं. फरशी सुरेख होती.

आता माझं स्वतःचं थोडं बोलते, आणि थांबते.

आपल्याकडे नदीतला पहिला सॅल्मन गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या दारी जातो. बर्चच्या पाल्यावर ठेवून राखणदार तो घेऊन जातो. तो उकडायचा, सोबत नवे बटाटे, काकडी, आंबट साय, आणि अख्खी आळी जेवायला. म्हाताऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय नदीत कुणी गळ टाकायचा नाही. माझ्या आईच्या दारी तो आला, तेव्हा चर्चला घालायचा चांदीचा ब्रोच लावून ती दारात उभी राहिली होती. चांगली कडक बाई, पण त्या दिवशी रडली. मी तेव्हाच मनात म्हटलं, आपल्यालाही एकदा हा मान मिळाला पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात हाल्डिस गेली आणि गावातली सगळ्यांत म्हातारी मी झाले. आनंद मानावा अशी बढती नव्हे ही. हाल्डिस माझी मैत्रीण होती. पण तिच्या दफनाहून परत येताना माझ्या मनात मासा आला. देव मला क्षमा करो. जूनमध्ये मी आईचा ब्रोच घासून ठेवला. बटाटे आणले.

आणि दारावर टकटक झाली. दारात टोर्गेर. टोपी हातात आणि हात रिकामे. म्हणाला, "बाई, या वर्षी नाही."

मी म्हटलं, "अरे, मग पुढच्या आठवड्यात?"

"चढलाच नाही हो बाई. एकही नाही. कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला?" आणि एवढा थोराड माणूस माझ्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. ओसे, हे त्याने तुला सांगितलं नसेल. मी त्याला आत नेलं आणि आम्ही दोघांनी नुसते बटाटे खाल्ले.

काही दिवसांनी ऑड्वारच्या कंपनीकडून खोकं आलं. बर्फात सॅल्मन, वर रेशमी फीत, आणि 'परंपरेचा मान राखून' असं छापलेलं कार्ड. तो मासा माझ्या मांजरीने खाल्ला. तिला परंपरेचं काही पडलेलं नाही.

मघाशी ऑड्वारने जाहीर केलं, की गावात तो 'सॅल्मनघर' बांधणार. काचेची मोठी टाकी, त्यात नदीत उरलेल्या पिल्लांतून वाढवलेला शेवटचा रानटी सॅल्मन पोहणार, पोरं तिकीट न काढता बघणार, आणि त्याचा प्रमुख आपला टोर्गेर. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मी टोर्गेरकडे बघत होते. तो आपल्या बुटांकडे बघत होता. उत्तर येत असूनही द्यायचं नसलं, की वर्गात तो असाच बसायचा. आणि येत्या गुरुवारी खाडीच्या तोंडाशी आणखी पिंजऱ्यांना परवाना द्यायचा की नाही, यावर नगरपालिकेत मतदान आहे. तेव्हा या टाळ्या कशाकशासाठी होत्या, हे घरी गेल्यावर एकदा विचारा स्वतःला.

ऑड्वार, बाळा, तू उलटं करतोयस रे. रानातला मासा काचेत घालतोस आणि पिंजऱ्यातली घाण मोकळ्या खाडीत सोडतोस. टाकीत तुझा मासा ठेव. नदीचा नदीला राहू दे. गुरुवारच्या आत तो अर्ज मागे घे. मला सभागृह नको, फीत नको. आणि टोर्गेर, तुला पगाराची गरज आहे, मला ठाऊक आहे. घेतलीस ती नोकरी, तर मी तुला बोल लावणार नाही. फक्त बुटांकडे बघून घेऊ नकोस.

माझं बोलणं कुणाला लागलं असेल, तर म्हाताऱ्या मास्तरणीची जुनी खोड समजून पोटात घाला. सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, वर्गात कधी ऐकलं नव्हतं तितकं, त्याबद्दल आभार. अध्यक्षबाई, पाच मिनिटं केव्हाच उलटली, तेही माफ करा.

एवढंच लक्षात असू द्या. समुद्रात गेलेलं पिल्लू परतायला दोन-तीन वर्षं घेतं. पुढच्या वसंतात वाट मोकळी मिळाली, तर हिशेब माझ्या वयाला जेमतेम जमतो. मी थांबायला तयार आहे, डॉक्टरांना तसं सांगूनही ठेवलंय. ब्रोच घासलेलाच आहे. टोर्गेर, येशील तेव्हा दार जरा जोरात वाजव. मला आता कमी ऐकू येतं.